दहावा माणूस

आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यूंच्या, मंडळाचा सेक्रेटरी म्हणून माझं खरं काम एकच, माणसं जमवणं. आमच्यात मृतासाठी कद्दीश ही प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष लागतात, आणि पुण्यात आता रविवारी सकाळी दहा पुरुष उठवणं हे एक दुखणंच आहे. एकाचे गुडघे धरलेले असतात, दुसऱ्याला इस्राएलहून मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा असतो, तिसरा "बघतो" म्हणतो. "बघतो" म्हणजे नाही, हे कळायला मला फार वर्षं लागली नाहीत.

गेल्या महिन्यात धायरीच्या काकूंच्या नवऱ्याला जाऊन वर्ष झालं. मूलबाळ नाही. त्या दिवशी घरात कद्दीश व्हावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. शब्द मी दिला होता. चार दिवस फोन करून दहा जण पक्के केले, आलो नऊ. दहावा हडपसरहून निघाला होता, निदान तो तसं म्हणत होता.

जिन्यात उभा राहून मी फोनवर ओरडलो, "अहो, दहाव्यासाठीच सगळे खोळंबलेत."

समोरच्या दारातल्या बाई हळूच म्हणाल्या, "काका तर वर्षापूर्वी गेले ना? मग दहावा आत्ता?"

समजावून सांगायचं त्राण नव्हतं. म्हटलं, "आमच्यात उशीरच होतो."

साडेअकराला त्याचा मेसेज आला. गाडी बंद पडली, पुढच्या वेळी नक्की. प्रार्थना चालवणाऱ्या हजानांनी पुस्तक मिटलं. दोघे जण चपला शोधू लागले. मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, घरी जाऊन आडवं व्हावंसंही वाटलं.

काकू मलिद्याचं ताट घेऊन बाहेर आल्या.

"किती आहात?"

"नऊ, काकू."

"आणि मी?"

बायका धरत नाहीत, हे सांगायला मी तोंड उघडलं.

"नियम ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "तू मोजू नकोस. नुसता बस."

ताट टेबलावर ठेवून त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि पाठ असलेली कद्दीश म्हणायला लागल्या. आवाज मध्येच तुटत होता. ऐकणाऱ्यांनी आमेन म्हणायची जागा आली तशा त्या थांबल्या. सगळे माझ्याकडे बघू लागले. सेक्रेटरी ना मी.

मी आमेन म्हटलं. मग बाकीच्यांनी म्हटलं, सगळ्यात शेवटी हजानांनी.