निघालो, भात टाक

यंत्रांशी माझ्या साडूंइतक्या अदबीनं वागणारा माणूस पनवेलपासून उरणपर्यंत दुसरा सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. राहायला करंजाडेला, नोकरीला जासईच्या एका कंटेनर यार्डात, तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांचे प्रमुख. सर्व्हरच्या खोलीत शिरण्याआधी ते दारावर टकटक करायचे, क्षणभर थांबायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. "आत कुणी नसतं ना?" असं मी एकदा हसून विचारलं, तर गंभीरपणे म्हणाले, "आत काय चाललेलं असेल, आपल्याला काय माहीत?" हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं, की मी नकळत त्या बंद दाराकडे पाहिलं आणि एक पाऊल मागं सरकलो. घरी नवा फ्रीज आला तेव्हा त्यांनी जुना लगेच काढू दिला नाही. दोन्ही फ्रीज हॉलमध्ये शेजारी शेजारी घुरघुरत उभे होते, आणि आम्ही पाहुणे मंडळी त्यांच्यासमोर अवघडून चहा पीत होतो. "ओळख होऊ दे," साडू म्हणाले. "या घरात दूध कुठं ठेवतात, हे नव्याला जुन्याशिवाय कोण सांगणार?" बोलता बोलता ते मध्येच थांबत, मान कलती करत, "आलं" म्हणत, आणि पुढच्या श्वासाला त्यांचा फोन वाजे. पहिल्यांदा गंमत वाटली. पुढं पुढं ते "आलं" म्हणाले, की मी बशी खाली ठेवायचो.

गाडी चालवायला ते शिकले नाहीत. "तिला माझं ऐकावं लागेल, ते मला बरं वाटत नाही," हे कारण. त्यामुळं त्यांना कुठं जायचं असलं, की मी ड्रायव्हर. पण दोन माणसांच्या मध्ये उभं राहण्याची त्यांची हातोटी मात्र विलक्षण. माझ्या सासूबाई आणि माझी बायको यांचं एकदा असं बिनसलं, की दोघी एकमेकींचा फोन घेईनात. सगळे निरोप साडूंमार्फत. सासूबाई कडाडल्या, "तिला म्हणावं, आता मी मेल्यावरच ये!" साडू आमच्याकडे आले, पोहे खाल्ले, आणि बायकोला म्हणाले, "आई म्हणतायत, सवडीनं ये, पण ये." बायकोनं फणकारून काहीतरी उत्तर दिलं. तिकडं पोचेपर्यंत त्याचं "आईच्या गुडघ्याला कसं आहे?" झालेलं. दिवाळीपर्यंत दोघी मिळून करंज्या लाटत होत्या. कुणी काय म्हटलं होतं, हे त्या दोघींना आजतागायत माहीत नाही. "जसाच्या तसा निरोप देणं हे पोस्टमनचं काम," साडू म्हणायचे. "मधल्या माणसाला दोन्ही घरं सांभाळायची असतात."

यार्डात त्यांना नेमकं हेच करावं लागलं. तिथं एक फार जुनं सॉफ्टवेअर होतं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. कुठला कंटेनर कुठल्या रांगेत, कितव्या थरावर पडलाय, हे फक्त त्याला ठाऊक. मग मालकांनी नवं आणलं. ते रंगीत, मोबाइलवर चालणारं, कळंबोलीच्या ट्रकवाल्याला घरबसल्या सांगणारं, की अमुक वाजता अमुक गेटवर ये. मालक म्हणाले, जुनं फेकून द्या. साडूंचा चेहरा असा झाला, जणू कुणी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बाहेर काढायला सांगितलंय. ते म्हणाले, "साहेब, त्यांना सगळं आठवतं. यांना सगळं बोलता येतं. दोघांच्या मध्ये कुणीतरी बसवू." आणि त्यांनी एक मधला थर बसवला. जुन्याचं ऐकायचं, नव्याला कळेल असं करून सांगायचं, कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर ते ठरवायचं, गेटला निरोप द्यायचा, ड्रायव्हरला मेसेज पाठवायचा, असं सगळं तो करी. साडू त्या थराला आदरानं "मधले" म्हणत. "आज मधल्यांची तब्येत बरी नाही," असं ते फोनवर बोलू लागले, की त्यांच्या सोसायटीतले लोक लिफ्टमध्ये सहानुभूतीनं चौकशी करायचे.

मधले सुरू झाले आणि यार्ड सुरळीत चालू लागलं. इतकं सुरळीत, की साडूंनाच चैन पडेना. "कंटेनर ठेवतात ना, ते जनूदादा ठेवायचे तसेच ठेवतात," एका रविवारी ते मला म्हणाले. जनूदादा म्हणजे यार्डाचे जुने सुपरवायझर. जासईचेच, आगरी, आडव्या अंगाचे, मोठ्या आवाजाचे, साडूंचे तिथले एकमेव मित्र. जुनं सॉफ्टवेअर लिहिलं साडूंनी, पण त्याला शहाणपण दिलं जनूदादांनी. ड्रायव्हरला सावलीत थांबता यावं म्हणून दुपारचे कंटेनर कुंपणाकडच्या रांगेत लावा, असल्या गोष्टी. काही वर्षांपूर्वी एका दुपारी ते टेबलापाशी बसल्या बसल्याच गेले. मी म्हटलं, "त्यांनी शिकवलेलं आहे, तर मशीन तसंच करणार की." साडूंनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत साडूंना जनूदादांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी शेजारीच होतो. ती लग्न होऊन कळंबोलीला असते. आवाज दबलेला होता.

"काका, तुमच्या ऑफिसमधून आईला बाबांचे मेसेज येतायत."

"कसले मेसेज?"

"रोज संध्याकाळी. 'निघालो, भात टाक.' आणि आई भात टाकते, काका. दोन ताटं घेते आणि बसून राहते. ते आल्याशिवाय ती कधी जेवायचीच नाही ना. आता रात्रीचं जेवणच सुटलंय तिचं. गळ्याची हाडं दिसायला लागलीयेत. माझ्याकडे ये म्हटलं, तर म्हणते, ते घरी येऊन परत जातील."

साडूंनी फोन ठेवून चपला घातल्या. मग मला म्हणाले, "गाडी काढता?"

शिमग्याची सुट्टी होती. यार्ड बंद, रस्त्यावर ट्रक नाहीत, एरवी धुळीनं भरलेला तो सगळा पट्टा रिकामा आणि स्वच्छ. वाटेत यार्डाच्या भिंतीवरून कंटेनरांच्या उंच रांगा दिसत होत्या, आणि माणूस एकही नव्हता. साडू खिडकीबाहेर बघत बोलत होते. पूर्वी जनूदादा त्यांना म्हणाले होते, "सायेब, मना त्या मोबाइलवर लिवता येत नाय. दिवसाचा हिशोब बंद केला की घरी आपोआप कलंल असा काय तरी करा ना." तेव्हा साडूंनी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तशी एक ओळ घातली. संध्याकाळी जनूदादांच्या टेबलावरून, कुणीही, दिवसाचं काम बंद केलं, की त्यांच्या घरी मेसेज. पुढं तो मेसेज पाठवणारा डबा बिघडला, कुणीतरी काढून टाकला, आणि साडू ती ओळ विसरूनही गेले. ओळ मात्र तिथंच होती. "रोज संध्याकाळी आपले जुने तेच म्हणत होते, साडूबुवा," ते पुटपुटले. "इतकी वर्षं. ऐकायला कुणी नव्हतं, एवढंच. मधल्यांनी ऐकलं, आणि पोचवलं."

माझ्या हातांतलं स्टिअरिंग गार लागलं.

जनूदादांचं घर गावाच्या कडेला होतं. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, पडवीत बसल्या होत्या. दूर कुठंतरी होळीची लाकडं रचताना पोरं ओरडत होती. वहिनींनी आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. स्वयंपाकघरात चुलीशेजारी दोन ताटं पालथी ठेवलेली दिसली. साडू खुर्चीच्या टोकावर टेकले. मला वाटलं, आता ते नेहमीसारखं करतील. दोन्हीकडचं दुखणं चोळून मऊ करतील, काहीतरी गोड घडवून सांगतील.

"वहिनी," ते म्हणाले, "तो मेसेज जनूदादा पाठवत नाहीत. मी लिहिलेलं मशीन पाठवतंय. चूक माझी आहे. आज यार्ड बंद आहे, दिवसाचं काम बंद करायला टेबलावर कुणी नाही, म्हणून आज मेसेज येणार नाही. तुमच्या डोळ्यांनी बघा."

त्यांना इतकं सरळ बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बाहेर ऊन उतरत होतं. आम्ही तिघं भिंतीजवळच्या टेबलाकडे, त्यावरच्या छोट्या मोबाइलकडे बघत बसलो. मग साडूंची मान कलती झाली. मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"आलं," ते अगदी हळू म्हणाले.

मोबाइल टेबलावर थरथरला.

वहिनींनी तो उचलला, वाचला नाही, साडूंच्या हातात दिला. पाठवणाऱ्याच्या जागी यार्डाचं नाव होतं. खाली ते तीन शब्द. साडूंचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी स्वतःचा फोन काढून यार्डाच्या वॉचमनला लावला, आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"अंदर कोई है क्या?"

"कोई नहीं साब. ताला लगा है." मग जरा थांबून, "लेकिन वो पुराना वाला स्क्रीन है ना, अभी अपने आप चालू हुआ. मैंने काच से देखा. हरा हरा कुछ लिखके आया."

मी उठून पडवीचं दार लोटून घेतलं. का, ते मला अजून सांगता येणार नाही.

वहिनी मात्र उठून चुलीपाशी गेल्या. "मना म्हायती हाय ते नाय येनार," पाठमोऱ्या राहूनच म्हणाल्या. "मी काय येडी हाय? मीच अग्नी देताना उभी व्हती. पन निरोप आला आनि भात नाय टाकला, असा कदी झाला नाय. हात आपसूक जातो." मग वळून साडूंकडे बघितलं. "शबुद तरी त्यांचेच हायेत ना? का ते पन तुमीच लिवलाव?"

साडूंना इथं हवं ते सांगता आलं असतं. त्यांनी नीट आठवलं. "शब्द त्यांचे," ते म्हणाले. "मी 'मी निघत आहे' असं लिहिलं होतं. ते म्हणाले, 'असा कोन बोलतो घरात? निघालो, भात टाक, असा लिवा.'"

वहिनी हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाशी गेला. मग म्हणाल्या, "बंद करा तुमी. पोरीचा जीव लागलाय माज्यात. पन आज भात टाकलाय. आज जेवून जा."

आम्ही जेवलो. दोन ताटांची तीन झाली. साडूंना जनूदादांच्या जागेवर बसवलं. ते अवघडून, मांडी आखडून, जणू त्या पाटावर अर्धी जागा दुसऱ्या कुणाची आहे असे बसले. भात, सुक्या बोंबलाची चटणी, आणि शिमग्याच्या पोळ्या. वहिनी आमच्याबरोबर जेवायला बसल्या. पहिला घास त्यांनी बराच वेळ हातात धरला होता. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मग त्यांनी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी साडूंनी जुन्या सॉफ्टवेअरचं पोट उघडलं, तेव्हा उलगडा झाला. कंटेनर हलवण्याचा पूर्ण अधिकार तिथं एकाच माणसाला होता. मधल्यांना जुन्याकडे आत शिरायचं, तर कुणाचं तरी नाव लागणार, म्हणून साडूंनी घाईत तेच नाव लावून टाकलं होतं. त्यामुळं मधले रोज सकाळी जनूदादा म्हणून आत जात, जनूदादा म्हणून कंटेनर हलवत, आणि सुट्टी असो नसो, संध्याकाळी जनूदादा म्हणून काम बंद करत. सगळं यार्ड, सगळी गेटं, कळंबोलीहून येणारा एकेक ट्रक, इतके महिने एका गेलेल्या माणसाच्या नावावर चालत होता. "भूत नव्हतं," मी सुटकेचा श्वास टाकून म्हटलं. साडू म्हणाले, "बरं मग, काय होतं?"

ते नाव काढणं सोपं नव्हतं. काढल्याबरोबर जुन्यानं दार लावून घेतलं. मधले बाहेर, नवं मुकं, गेट उघडेना. ट्रकांची रांग थेट हायवेपर्यंत गेली. मालक साडूंवर ओरडले, असं सगळ्यांसमोर कधी ओरडले नव्हते. "चालत होतं ना? मेलेल्याचं नाव असलं म्हणून तुमचं काय जातंय?" साडूंनी ऐकून घेतलं, आणि नाव परत लावलं नाही. दुपारभर बसून त्यांनी मधल्यांना नवा अधिकार दिला, एकेक दार नव्यानं उघडून दाखवलं. संध्याकाळी गेट सुरू झालं तेव्हा ते जुन्या पडद्यासमोर उभे राहिले, आणि ऑफिसातल्या लोकांदेखत हात जोडून म्हणाले, "जनूदादा, झालं तुमचं. निघा आता." कुणी हसलं नाही म्हणतात.

आता साडू निवृत्त झालेत. जुनं सॉफ्टवेअरही वर्षभरानं नीट, एकेक गोष्ट विचारून घेऊन, बंद केलं गेलं. वहिनी आठवड्यातले काही दिवस लेकीकडे असतात आणि वेळेवर जेवतात, असं लेक सांगते. साडू पूर्वीइतके बोलत नाहीत, मान कलती करत नाहीत, फोन वाजला की आपल्यासारखेच दचकतात. मला हे खरं तर बरं वाटायला हवं.

परवा त्यांच्या गॅलरीत बसलो होतो. समोर नव्या इमारतींचे सांगाडे, पलीकडे डोंगर काळा पडत चाललेला. मी सहज विचारलं, "मधल्यांना मग शेवटी कुणाचं नाव दिलंत?"

"कुणाचंच नाही," ते म्हणाले. "नुसता नंबर दिला. नाव असलं, की कुणीतरी वाट बघत बसतं."

आत ताईंनी कुकर लावला होता, आणि अंधार पडला तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही.