मॉइश्चर सांगणारे

अवं पोरी, जरा कान इकडे कर. दिवाळीपासून तोंड दाखवलं नाही, अन् फोनवर मले सांगते, आजी, मी मातीचं मॉइश्चर मोजून राहिली. मी हसली तर तुले राग आला. काऊन हसली ते तर ऐक.

हा शब्द मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. आता जो येतो तो हाच फेकतो. गोंदियाच्या पार्लरवालीनं माझ्या गालावर बोट ठेवून म्हटलं, मॉइश्चर संपलं तुमचं. सत्तरीत काय उरणार होतं? तिले डबी खपवायची होती. स्वयंपाकघराची भिंत फुगली. मिस्त्री आला, दोन ठोके मारले, म्हणे, मॉइश्चर आहे. तेवढं तर माझ्या सादळलेल्या पापडांनीही सांगितलं होतं. पाणी कुठून मुरते ते पाहायले छतावर मात्र चढला नाही. शब्द टाकला की यांचं काम झालं.

पण सगळ्यांचा बाप भेटला धान खरेदी केंद्रावर. पंधरा दिवस थांबून आमचा नंबर लागला होता. धान मी स्वतः अंगणात पसरून वाळवलं, दाणे दाताखाली धरून पाहिले. कट् वाजला तर वाळला, चपटा झाला तर ओला. सासूनं हेच शिकवलं. मग केंद्रानं दिलेल्या बारदान्यात, त्यांच्या रिकाम्या पोत्यांत, भरून नेलं. तिथल्या साहेबानं पोत्याच्या कडेचं मूठभर मशीनमध्ये घातलं अन् माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "मॉइश्चर जादा है. वापस ले जाओ."

वापस म्हणजे भरली ट्रॉली घरी, अन् पुन्हा शेवटचा नंबर. तोवर खरेदी बंद.

मी कडेचा दाणा चावला. चपटा. घडीभर लाज वाटली. मग कोपरापर्यंत हात घालून मधला काढला. कट्. पोतं हुंगलं तेव्हा कळलं, ओल बारदान्याची होती. त्यांनी भिजलेली पोती दिली, अन् मी शहाणी, उन्हात न टाकता भरली. चूक माझीही होती, पण ते त्याले कायले सांगू?

"साहेब, चावून पाहा," मी म्हटलं.

"मैं धान नहीं खाता, माताजी."

"म्हणूनच तर तुमच्यासाठी मशीन ठेवली. तिले मधलं घाला."

रांगेतल्या बाया हसल्या. दोघी-तिघी माझ्याच पोत्यातले दाणे घेऊन त्याच्यासमोर चावत उभ्या राहिल्या. तेव्हा कुठं त्यानं हात आत घातला. मशीननं पास केलं. शिक्का मारताना म्हणतो कसा, मॉइश्चर उड गया. उडलं म्हणे! जसं पाखरू होतं. चुकलं, एवढं म्हणायले काही त्याची जीभ वळली नाही.

अजून एक ट्रॉली बाकी आहे, तिचा नंबर शनिवारी लागते. या खेपेले पोती आधी कुंपणावर वाळत टाकली. धान भरायले घरात हात कमी आहेत, पोरी. रविवारची वाट नको पाहू, लवकर ये.