विमानाच्या वाटेतला माड

आमच्या घरामागचा कातळाचा सडा चढून गेलं की धावपट्टीचं कुंपण लागतं. तिथून प्रवासी विमानं सुटणार, असं मी इतकी वर्षं ऐकतोय की त्यावर बोलणंच सोडलं होतं. गेल्या वर्षी मात्र मोजणीवाले खरंच आले. तिकाटण्यावर यंत्र बसवून त्यांनी परसातून नजर फिरवली आणि विहिरीजवळच्या माडाकडे बोट दाखवून म्हणाले, "काका, हा फार वर गेलाय."

मी म्हटलं, "माड वर नाही जाणार तर काय खाली जाणार?"

हसले बिचारे. मग त्यांनी नियम समजावला. विमान घसरगुंडीवरून यावं तसं दुरून तिरकं उतरतं. त्या तिरक्या वाटेत झाड, मनोरा, घराचा वरचा मजला, काही म्हणजे काही घुसता कामा नये. वाट मोकळी नसेल तर प्रवासी विमानाला परवानगीच नाही. सातबाऱ्यावर जमीन माझी, पण वरच्या आकाशावर माझं काही चालत नाही, हे मला या वयात कळलं. "शेंडा तेवढा छाटा," ते म्हणाले. आता माडाचा शेंडा छाटला की माड मेलाच, आंब्यासारखं त्याला बाजूने फुटत नाही. म्हणजे तो मुळापासूनच जायचा होता.

भांडायला मला आवडतं, आणि एरवी भांडलोही असतो. पण बायको गेल्यापासून या घरात मी एकटा. मुलगा मुंबईला. दर फोनला म्हणायचा, "बाबा, रस्त्याने यायचं तर अख्खा दिवस जातो. विमान सुरू झालं ना, की बघा." त्या 'बघा'वर मी दिवस काढत होतो. विमान आलं की मुलगा आला, असा हिशेब मी मनाशी केला आणि माड द्यायला तयार झालो.

आमच्याकडे जुनं झाड गाऱ्हाणं घातल्याशिवाय तोडत नाहीत. एकाने जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला सांगायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पण बाकीचे आणायचे कुठून? शेजारच्या दोन्ही घरांना कुलपं. तोडणारे परप्रांतातले, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. शेवटी मी माडापुढे नारळ ठेवला, मुलाला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून फोन विहिरीच्या कठड्यावर ठेवला. "तू फक्त व्हय म्हाराजा म्हण," मी सांगितलं.

"बा राखणदारा, आज ह्यो माड तोडताव, कुणाला दोष लावू नको."

"व्हय म्हाराजा." ऑफिसात असावा, दबक्या आवाजात म्हणाला. पण म्हणाला. परसात दुसरं माणूस उभं असल्यासारखं वाटलं. मला फार बरं वाटलं.

"याचं पाणी प्यालेली पोरं सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा."

"नि विमान सुरू होऊ दे, माझा लेक घराक येऊ दे."

मी कठड्यावर वाकून फोन पाहिला. मला वाटलं, रेंज गेली.

"बाबा," तो म्हणाला, "ते सुरू झालं ना, की तुम्हीच या इकडे. घर बंद करूनच या. आता तिथे कोण आहे आपलं?"

तोडणाऱ्यांना वाटलं गाऱ्हाणं संपलं. त्यांनी मशीन चालू केली. त्या आवाजात तो आणखी काही सांगत होता. मी फोन उचलून कानाला लावला नाही.