अंगठ्याला बांधलेली ढेप

डोंगरातल्या वाडीवरची हिरूबाय नसती, तर दहिवलीतल्या मामाच्या दुकानातून माझी रवानगी थेट साताऱ्याकडे झाली असती.

लढाईचे दिवस होते. साखर दिसेनाशी झालेली, त्यामुळे गुळाची ढेप म्हणजे दुकानातलं सोनं. मामा दुपारी जेवून आत लवंडला की ती आपोआप झिजे. शेवटी मामाने मला बजावलं, "आता गूळ हलला की तूही हललास. पहिल्या गाडीनं घरी." घरी जाऊन करणार काय? शाळा मी इथं येऊन, आईला न कळवता, चौथीतच सोडली होती (शाळेनेही फारसं अडवलं नव्हतं).

म्हणून युक्ती काढली. उरलेली अर्धी ढेप गोणपाटात बांधली, तिला सुतळी लावली आणि सुतळीचं दुसरं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला. चोराने ढेप ओढली की मला जाग येणार! एवढी सोय झाल्यावर दुपारी मीही निर्धास्त झोपलो.

एकच गोष्ट विसरलो. गावी माझी आई मला अंगठा ओढूनच उठवायची.

बाहेर भातखाचरांवर पावसाळी धुकं उतरलं होतं. सुतळी हलली आणि मी आमच्या ओसरीवर पोचलो. चुलीचा धूर, आईच्या बांगड्या. अंगठा ओढला जाई तसतसा मी जास्तच गाढ झोपत गेलो. पण आई काही ऐकेना. मला ओढत अंगणात घेऊन निघाली, आणि अंगण फार ओलं होतं.

डोळे उघडले तर मी उंबरठ्याबाहेर चिखलात, आणि पुढे ढेपेचं गाठोडं दातांत धरून एक पांढरा घोडा! (पावसाळ्यात माथेरान ओस पडतं, मग तिथले घोडे खाली येतात. साहेबांना वाहून वाहून त्यांना गोडाची सवय लागलेली.)

रानभाजी विकायला आलेली हिरूबाय वळचणीला थांबली होती. तिने धावत जाऊन घोड्याची आयाळ धरली. तेवढ्यात मामा बाहेर आला. मी डोळे मिटून घेतले. आई परत दिसली तर बरं, म्हणून.

"शेठ, भाचा लई खमक्या हाय तुमचा," हिरूबाय म्हणाली. "चोराला पायानं धरून ठेवलाय. फरफटला, पन ढेप नाय सोडली."

मामा घोड्याकडे, मग सुतळीकडे बघत राहिला. "ऊठ रं वाघा," म्हणाला, "पाय धू."

मामा आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "शाळा सोडलीस ते आईला कळव रं. झोपेत लई समजावीत व्हतास तिला."

हिरूबाय, तुझे उपकार एक दिवस फेडीन. स्वतःचं दुकान काढीन आणि पहिली अख्खी ढेप तुझ्या वाडीवर पोचवीन. फक्त सकाळच्या वेळी. दुपारचा मला माझाच भरवसा नाही.