काळी पाचची पट्टी

गाणारा माणूस पेटीवरच्या ज्या पट्टीला सा मानतो, ती त्याची पट्टी. कुणाची पांढरी चार असते, कुणाची काळी एक. माझ्या पत्नीची काळी पाच होती. मी तिला पाहायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी तिचं शिक्षण सांगितलं, स्वभाव सांगितला, आणि जरा थांबून म्हणाले, "आवाज काळी पाचचा आहे." उंची सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं होतं. बायकांमध्येही ही पट्टी उंचच समजतात. तिला त्या पट्टीचा अभिमान होता, आणि तिच्यापेक्षा जास्त मला.

ती गेली त्याला चौदा महिने झाले. तिच्याविषयी लिहायला बसलो की मला हीच एक गोष्ट आधी लिहावीशी वाटते, कारण ती मी कुणाला नीट सांगितलेली नाही.

आमचं घर नल्लकुंट्याला. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो, ती बरकतपुऱ्याच्या एका शाळेत विज्ञान. संध्याकाळी दोघं घरी आलो की चहा व्हायचा, मग मी पेटी काढायचो. तासभर ती गायची. ती पेटीकडे तिरकी बसायची आणि गाणं सुरू करण्याआधी एकदा माझ्या मधल्या बोटाकडे पाहायची. बोट काळी पाचवर दिसलं की डोळे मिटायची. भावगीतांना आम्ही तंबोरा घेत नसू. सा तिला माझ्याकडूनच मिळायचा.

निवृत्तीच्या थोडं आधी माझा डावा खांदा धरला. भाता मारताना कळ मस्तकात जायची. डॉक्टर म्हणाले, पेटी बंद. तेव्हा कुकटपल्लीत राहणारा, चर्चमध्ये वाजवणारा एक तेलुगू वादक घर बदलत होता आणि त्याचा स्टेज पियानो विकत होता. म्हणजे कार्यक्रमात नेता येईल असा विजेवर चालणारा पियानो: पाय नाहीत, झाकण नाही, एक लांब काळी फळी आणि तिच्यावर पुऱ्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. पट्ट्या मात्र खऱ्या पियानोसारख्या जड. ह्याला भाता लागत नाही एवढं ऐकूनच मी तो घेतला.

चादरीत गुंडाळून तो ऑटोत आडवा घातला, तर दोन्ही टोकं बाहेर. ऑटोवाल्याने मागे वळून विचारलं, "क्या है साब, दरवाजा है क्या?"

"बाजा है."

"इत्ता लंबा बाजा? कौन बजाता?"

मी "मैं बजाता" म्हटल्यावर त्याने आरशातून मला दोनदा पाहिलं आणि मग सिग्नलवरही हळू थांबला.

पत्नीने पहिल्या दिवशी तो ऐकला, आणि तिचं सगळं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे गेलं. उजव्या हाताने मी वाजवत होतो आणि डावा हात हवेत भाता मारत होता. चाळीस वर्षांची सवय, मला कळतही नव्हतं.

"ह्याला भाता आहे का?"

"नाही."

"मग तो हात काय करतोय?"

"सवय आहे."

"रिकामाच आहे तर भाजी निवडायला घ्या. मेथी आणलीय."

तो हात गप्प बसायला वर्ष लागलं. डाव्या हाताने पियानोत जे करायचं असतं ते मला अजूनही फारसं येत नाही. मी पेटीवालाच राहिलो, फक्त वाद्य बदललं. आणि एक फरक तर मला कधीच सोसला नाही. पेटीचा स्वर भाता चालू आहे तोवर उभा असतो. पियानोचा स्वर उमटताक्षणीच विझायला लागतो. सुरुवातीला तिच्या लांब आलापाखाली मला काही धरताच यायचं नाही. ती म्हणायची, "तुम्ही मला मध्येच सोडून जाता." मग मी एकच स्वर पुन्हापुन्हा हळू वाजवायला शिकलो.

त्या पियानोवर पट्टी बदलायचं एक बटण होतं. ते दाबलं की बोटं जिथल्या तिथे राहतात आणि आतला आवाज एकेक घर, म्हणजे शेजारची एक पट्टी, खाली किंवा वर सरकतो. खरे पियानोवाले ह्याला हसतात. मला ते बटण म्हणजे एक सोय वाटली, कधीतरी दुसऱ्या कुणा गाणाऱ्याला साथ करावी लागली तर.

एकदा तिला सर्दी झाली होती. आमच्या मराठी मंडळात गाणं होतं आणि ते रद्द करायला ती तयार नव्हती. मी बोट काळी पाचवरच ठेवलं आणि बटण एकदा दाबलं. आवाज एक घर उतरला. तिने बोट पाहिलं, डोळे मिटले, गायली. घरी येताना म्हणाली, "सर्दी असून आवाज काय छान लागला आज." मी हो म्हणालो. सर्दी गेली तरी मी ते घर परत चढवलं नाही. दोन-चार वर्षांनी आणखी एक उतरवलं. पुढे तिसरं. अकरा वर्षांत तिची काळी पाच माझ्या बोटाखाली तशीच राहिली आणि ती गात होती पांढरी पाचमध्ये.

हे ठाऊक असलेला दुसरा माणूस म्हणजे आमचे तबलजी. जुन्या शहरातले, कोठीच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना तबला सुरात लावायचा असल्यामुळे त्यांच्यापासून लपवणं शक्यच नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग ठरूनच गेलं. तबला ते घरूनच उतरवून आणायचे, आणि कार्यक्रमाआधी मी गुडघ्यावर जितकी बोटं ठेवीन, तितकी घरं तो खाली आहे ना ते हलक्या हाताने तपासून घ्यायचे. तिच्यासमोर तबला लावायची हातोडी काढायचे नाहीत. तिला ते भाभी म्हणायचे आणि तिच्यावर त्यांचा फार जीव होता. एकदा मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, एक दिन उनको बोल दो. अच्छा नै लगता."

"बोलेंगे," मी म्हणालो.

"आप हर साल ऐसाच बोलते."

मग ती दिवाळी पहाट आली. मंडळाचं सभागृह भरलेलं होतं. लोक नव्या कपड्यांत आले होते. पुण्या-मुंबईहून इकडे नोकरीला आलेली तरुण जोडपीही होती. दुसरं गाणं संपलं आणि वीज गेली. अर्ध्या मिनिटात जनरेटर सुरू झाला. मी घाईने पियानो चालू केला, आवाज येतोय ना ते पाहिलं आणि पुढच्या गाण्याची सुरावट सुरू केली. वीज गेली की हा पियानो पट्टीचं विसरतो आणि मूळ जागी येऊन बसतो, हे मला माहीत होतं. बोटं मात्र नेहमीच्या जागी होती, त्यामुळे हाताला काहीच वेगळं लागलं नाही. कानाला लागलं तोवर तिने माझं बोट पाहून डोळे मिटले होते आणि सा उचलला होता. अस्सल काळी पाच.

तबलजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा तबला तीन घरं खाली होता. त्यांनी त्यावरचा हात हलका केला आणि डग्ग्यावरच ठेका सांभाळला.

मी थांबू शकलो असतो. माफ करा म्हणून बटण दाबलं असतं आणि पुन्हा सुरू केलं असतं. पण तीन वेळा बटण दाबलेलं ती बघत राहिली असती आणि विज्ञान शिकवलेल्या बाईला त्याचा अर्थ लावायला काही वेळ लागला नसता. म्हणून मी वाजवत राहिलो. ध्रुवपदात तिने कसंबसं निभावलं. अंतऱ्यात वरच्या सा वर ती गेली आणि आवाज फाटला. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. मग ती ओळ तिने खालच्या स्वरात नुसती म्हणून टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच. पुढची गाणी एका मुलीने म्हटली.

घरी आल्यावर तिने साडी घडी करून ठेवली आणि फराळाची ताटं वाढली. चकली मोडता मोडता म्हणाली, "माझं गाणं संपलं. मंडळात कळवून टाका."

मी म्हणालो, "एका दिवसाने काय होतं."

"एका दिवसाचं नाही. दुसऱ्या गाण्यापर्यंत काळी पाच हसत लागत होती. एकदम गेली म्हणजे गळ्यात काहीतरी झालं असणार. डॉक्टरला दाखवायचं, आणि गाणं बंद."

माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. मी गप्प राहिलो तर ती गाणं सोडणार, शिवाय नसलेल्या आजाराला घाबरत राहणार. खरं सांगितलं तर अकरा वर्षं मी तिला फसवलं हे तिला कळणार. लिहिताना हे सोपं दिसतं. त्या सकाळी नव्हतं.

मग सांगितलं.

माझं संपल्यावर तिने विचारलं, "किती वर्षं?"

"अकरा."

"तबलजींना?"

"त्यांना माहीत होतं. त्यांना तबला लावावा..."

"म्हणजे एक मी सोडून." तिने ताट बाजूला सरकवलं. "आणि मी मंडळातल्या पोरींना गाणं शिकवताना सांगायची, रियाज केलात तर माझ्यासारखा आवाज साठीतही टिकतो."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी तिचा मान राखतोय असं समजत होतो आणि ती माझ्या भरवशावर दुसऱ्यांसमोर खोटी पडत होती.

आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तबलजी फराळाला आले, त्यांनाही तिने चिवडा दिला आणि विचारलं, "भाईसाब, तुम्हीसुद्धा?" ते मान खाली घालून म्हणाले, "भाभी, मैं तो बोलता रहा." त्यावर ती पहिल्यांदा जराशी हसली. त्यांना, मला नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी तिने पियानोवरची चादर स्वतः काढली आणि मला हाक मारली. "अहो, बसा. काळी पाच लावा. आणि मोठ्याने सांगा."

मी म्हणालो, "काळी पाच." ती गायली. वर जाऊन आवाज फाटला.

"एक घर खाली. सांगा."

"पांढरी सहा."

अंतऱ्यापर्यंत गेली, शेवटी ओढाताण झाली.

"काळी चार."

"बरी. पण जीव लागतोय. अजून खाली."

"पांढरी पाच," मी म्हणालो.

पांढरी पाचमध्ये ती अख्खं गाणं गायली. वरचा सा तिने सहज घेतला आणि जितका वेळ हवा तितका वेळ तिथे थांबली. मी खाली तोच एक स्वर हळूहळू वाजवत राहिलो. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "चांगली आहे की. ह्यात लपवण्यासारखं काय होतं?"

ह्याचं उत्तर आता माझ्याकडे थोडंफार आहे. तिचा आवाज उतरतोय हे मान्य केलं तर आम्ही म्हातारे होतोय हेही मान्य करावं लागलं असतं. मी तिला एकटीला तरुण ठेवलं आणि स्वतः एकटाच म्हातारा होत राहिलो. ती अकरा वर्षं आम्ही सोबतीने काढायला हवी होती.

त्यानंतर पट्टी तीच ठरवू लागली. बटण ती स्वतः दाबायची आणि कार्यक्रमात आधी लोकांना सांगायची, "आज पांढरी पाच." वर्षा-दोन वर्षांनी, "आज पांढरी चार, थंडी आहे." लोक हसायचे, ती हसायची, तबलजी सगळ्यांसमोर हातोडी काढून तबला उतरवायचे.

शेवटच्या महिन्यांत तिला बसवत नव्हतं. पलंग पियानोच्या खोलीत हलवला होता. एका दुपारी ती डोळे मिटून काहीतरी गुणगुणत होती, शब्द नव्हते. मग तिने विचारलं, "अहो, मी कुठे आहे?"

मला वाटलं तिला भान राहिलं नाही. मी म्हणालो, "घरीच आहेस."

"ते कळतं मला. पट्टी कुठली?"

मी पियानो चालू केला आणि एकेक पट्टी हलकेच दाबत तिचा स्वर शोधला. "पांढरी दोन."

"इतकी खाली?"

"हो."

"खरं सांगताय ना?"

"खरं सांगतोय," मी म्हणालो.

"मग वाजवा," ती म्हणाली आणि पुन्हा गुणगुणू लागली. मी पांढरी दोन वाजवत राहिलो, ती थांबेपर्यंत.