टेकडीवरची उलटी फेरी

यवतमाळच्या आमच्या टेकडीले लोक आता वनउद्यान म्हणतात, आत जायाले तिकीट लागते. मी लहान होतो तवा तिथं नुसता मुरूम होता. गावातली ढोरं चरायची, बैलबंड्या मुरूम भरून न्यायच्या. मग वनखात्यानं तार ओढली, साग लावला, कडुनिंब लावला. पळस कोणी लावला नाही, तो आपला आपणच आला. मोहाचं एक झाड मात्र पहिल्यापासून आहे.

कापसाच्या जिनिंगमधली नोकरी संपल्यावर मी अन् बायको रोज सकाळी तिथं फिराले जायचो. सोबत चालणं काही जमलं नाही. मी भराभर चालणार, ती झाडाझाडाखाली थांबणार, मग माझी चिडचिड. शेवटी तिनंच तोड काढली. गेटातून मी डावीकडं वळायचं, तिनं उजवीकडं, अन् मोहाखाली भेटायचं. भेटली की तिच्या बातम्या सुरू. रोही, म्हणजे नीलगाय, दिसला, लांडोर पिल्लं घेऊन गेली, मुंगूस आडवं आलं. मले काहीच दिसलेलं नसायचं.

"खाली मान घालून काय चालता? सुई हरवली का तुमची?" म्हणायची.

दसऱ्यानंतर ती वारली. तापाचं निमित्त झालं.

तेरवी झाल्यावर मी पुन्हा टेकडीवर गेलो. गेटाजवळ एक बाई फळांचं टोपलं घेऊन बसते, बायकोची बोलायची मैत्रीण. तिनं विचारलं, "ताई नाही आल्या?"

माह्या तोंडातून निघून गेलं, "राळेगावले गेली, बहिणीकडं."

काहून म्हटलं, देव जाणे. मग ती रोज विचारू लागली अन् मी रोज काहीतरी सांगू लागलो. बहिणीचा पाय मोडला, भाचीचं बाळंतपण आहे. टोपल्यातली सीताफळं संपली, बोरं आली, बोरं जाऊन टेंभरं, तेंदूची पिवळी फळं, आली. फोनवर बायकोचं नाव काढलं की पुण्याचा पोरगा विषय बदलवते. शेजारी तर मी दिसलो की घाईत असतात.

आता मी गेटातून उजवीकडं वळतो, तिच्या वाटेनं, अन् मले सगळं दिसते, पाहा. सागाच्या कडेला रोही कान हलवत उभा असते, मोहावर पोपट भांडत असतात. मी झाडाखाली थांबतो, अन् सांगाले कोणी नाही. लय एकटं वाटते, खोटं कायले बोलू.

परवा त्या बाईनं पळसाच्या पानात टेंभरं बांधून पुढं केली. "ताईले देजा."

मले तो पुडा घेववला नाही. म्हटलं, "बाई, ती वारली. दसऱ्यानंतरच."

"ठाऊक हाय, भाऊ. मले तवाच समजलं होतं."

मले रागच आला. "मंग रोज कायले विचारत होती?"

"तिचं नाव घ्याले तुमच्यापाशी दुसरं कोन हाय?"

मी पुडा घेतला. तिथंच दगडावर बसून एक टेंभरू खाल्लं. निघताना तिले म्हटलं, "उद्याबी विचारजा."