पहाटेचा माज

हार्बरफ्रंटच्या फेरी टर्मिनलवर, इंडोनेशियाला जाणाऱ्या बोटीची वाट बघत, ती माझ्या शेजारी बसली होती. माझं फोनवरचं मराठी ऐकून तिनंच विचारलं, "कुठले तुम्ही, दादा?" मी जहाजावरचा इंजिनिअर, पुण्याचा. ती नगरकडची गुरांची डॉक्टर, इंडोनेशियात मांसासाठी पाळलेल्या गायींच्या कळपावर नोकरीला. वय पन्नाशीचं, उजव्या हाताची नखं मुळापर्यंत कापलेली.

तिथल्या गायी कृत्रिम रेतन करूनही पुन्हापुन्हा उलटत होत्या, गाभण राहत नव्हत्या. मालकानं त्या वांझ ठरवून कत्तलखान्याला पाठवायचं नक्की केलं. हिनं एक संधी मागून घेतली आणि रोज पहाटे कुंपणाशी जाऊन बसू लागली. तिथल्या उकाड्यात गायी पहाटेच्या गारव्यातच माज, म्हणजे रेतनाची वेळ आल्याची खूण, दाखवायच्या. गडी कामावर येईपर्यंत सगळं शांत व्हायचं. मग पहाटे माज दिसला की त्याच संध्याकाळी रेतन, असा तिनं नेम धरला.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय! स्वतः हात घालून तपासल्या. बहुतेक सगळ्या गाभण!" लोक वळून बघायला लागले, तरी तिचा आवाज उतरला नाही. "गायी वांझ नव्हत्या हो दादा, आम्हीच उशिरा उठत होतो."

तेवढ्यात तिच्या फोनवर व्हिडिओ आला. त्या गाभण गायींतल्या पहिलीचं ओलं वासरू उठताना दोनदा कोसळलं, तिसऱ्यांदा उभं राहिलं. ती उठून टाळ्या वाजवायला लागली. मीही वाजवल्या. पलीकडचे चिनी आजोबा काही न कळताच आमच्यात सामील झाले.